टर्बोची गाडी दारात आणण्याआधी

कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्याकडे पारावरच्या गप्पांत गाड्यांचा विषय निघतोच. पूर्वी ट्रॅक्टर कोणता घ्यावा यावर वाद व्हायचे, आता "काय हो, टर्बो घ्यावी का?" हा प्रश्न हटकून येतो. विचारणाऱ्याचे आडसाली उसाचे बिल यायचे असते, पोरगा दोनदा शोरूमला जाऊन आलेला असतो, आणि उंच, दणकट दिसणारी, पण लांबीला चार मीटरच्या आतली गाडी घरात सगळ्यांच्या मनात भरलेली असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मन आधीच झालेले होते, त्याला आणखी धक्का मिळाला.

अडते कुठे, तर इंजिनापाशी. बोनेट उघडून दाखवले की आत एक लिटरचे, तीन सिलिंडरचे यंत्र. घरातला वडीलधारा माणूस ते बघतो आणि म्हणतो, "एवढ्याशा इंजिनावर एवढी गाडी? टिकंल का ही?" पोरगा म्हणतो, "आबा, टर्बो आहे." आबांचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर आबांचा प्रश्न रास्त आहे. पाच-सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेताना इंजिन हप्त्याआधी बसले तर काय, हे विचारायलाच हवे.

आधी हे इंजिन आले कुठून ते पाहू. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी गाडी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी हे माप तसेच राहिले. लोकांना हवी उंच, भरदार गाडी आणि सरकारचे माप १२०० सीसीचे. मग त्या मापात ताकद बसवायची कशी? टर्बो लावून. जगभर छोट्या टर्बोचे निमित्त धूर आणि इंधन कमी करण्याचे होते, ते आपल्याकडेही आहेच. पण आपल्याकडे खरी कात्री चालवली ती कराच्या तक्त्याने. बोलेरोचे उदाहरण घ्या. २०१६ साली तिची लांबी चार मीटरच्या आत घेऊन १४९३ सीसीचे इंजिन बसवलेली गाडी बाजारात आली, ती याच मापासाठी.

आणि इथे आबांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही बोलेरो, जी दुधाचे कॅन, खताची पोती आणि लग्नाचे वऱ्हाड वाहते, तिचे इंजिनही तीन सिलिंडरचेच आहे आणि तिलाही टर्बो आहे. गावोगाव वडापला धावलेल्या डिझेल स्विफ्ट-डिझायर १२४८ सीसीच्या होत्या आणि त्याही टर्बोच. त्या जातीचे इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही बनत होते. लाखाच्या वर किलोमीटर मारून त्या गाड्या अजून फिरताना दिसतात. तेव्हा टर्बो आला की गाडी गेली, असे समजण्यात अर्थ नाही.

मग फरक कुठे? फरक ओढ किती घ्यायची यात आहे. बोलेरोच्या दीड लिटरच्या इंजिनातून कंपनी काढते ७५ एचपी. म्हणजे लिटरमागे पन्नास. ह्युंदाई व्हेन्यूच्या ९९८ सीसीच्या टर्बो पेट्रोलमधून निघतात सुमारे १२०. नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३००, रांजणगावची टाटा नेक्सॉन, चाकणची स्कोडा कायलॅक, कोणतीही घ्या, टर्बो पेट्रोलचा हिशेब लिटरमागे शंभरच्या आसपास किंवा वरच. बैल तेवढाच, पण नांगराला दुप्पट ओढ. असा बैल लगेच मरत नाही, पण त्याच्या वैरणपाण्यात एक दिवसाची हयगय चालत नाही.

टर्बो काय करतो?

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. कोळसा तेवढाच, पण भाता मारला की लोखंड लाल होते. टर्बो हा इंजिनाचा भाता. फरक एवढाच की तो ओढायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटे चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा आली की जास्त इंधन जळते, आणि छोट्या सिलिंडरातून मोठी ताकद निघते.

हे चाक जेमतेम कागदी लिंबाएवढे. पण ते भरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते. आपल्या बोअरची मोटर तीन हजारांच्याही आत फिरते, यावरून अंदाज करा. पेट्रोलच्या धुराची आच नऊशे अंशांच्या वर जाऊ शकते, डिझेलची त्याहून कमी असते. डिझेल टर्बो दम धरतात त्याचे हे एक मोठे कारण. आणि एवढ्या आचेत, एवढ्या वेगाने फिरणारा तो दांडा तरंगत असतो ऑइलच्या पातळ थरावर. तो थर आहे तोवर दांडा झिजत नाही. थर तुटला की बोअरची मोटर कोरडी चालल्यावर जे होते तेच होते, फक्त फार लवकर.

तेव्हा या इंजिनाचे सगळे मरण-जगणे ऑइलवर आहे. नव्वद टक्के तक्रारी ऑइलच्याच, असा आकडा मी देणार नाही. पण पुढे जे वाचाल त्यात ऑइल पुन्हा पुन्हा येईल.

बक्षीस मिळालेले इंजिन आणि तुटणारा पट्टा

दोष फक्त वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. कंपन्यांनीही चुका केल्या आहेत आणि त्यातली सर्वांत गाजलेली आपल्या देशात बनलेल्या गाडीशी जोडलेली आहे.

फोर्डने इकोस्पोर्ट २०१३ साली भारतात आणली. तिच्या एका प्रकारात एक लिटरचे 'इकोबूस्ट' टर्बो पेट्रोल इंजिन होते. इंजिन असे की २०१२, २०१३ आणि २०१४ अशी ओळीने तीन वर्षे त्याने 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान पटकावला. पण आतली एक रचना पुढे महागात पडली. इंजिनाच्या आत ऑइलमध्ये भिजतच फिरणारा रबरी पट्टा. आपण पिठाच्या गिरणीचा पट्टा कोरडा राहील याची काळजी घेतो. इथे मुद्दाम भिजवला होता, कारण घर्षण कमी, आवाज कमी. ऑइल चांगले आणि ताजे असेल तर तो चालतो. ऑइल जुने झाले, त्यात पेट्रोल मिसळले किंवा दुसऱ्याच जातीचे ऑइल पडले की रबर सुटू लागते. सुटलेले कण ऑइलपंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. बाकीचे सांगायला नको.

डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत १ लाख ३९ हजार ७३० गाड्या परत बोलावल्या. त्यात २०१६ ते २०१८ च्या फोकस होत्या आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट. या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यातून तिकडे गेलेल्या. कारण नोंदले गेले ते असे: ऑइलपंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण धरणारा भाग मोडू शकतो किंवा पट्ट्याचे दात झडू शकतात, मग ऑइलचा दाब जातो, इंजिन बंद पडते आणि ब्रेकची मदतही जाऊ शकते. घाटात असे झाले तर काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

फोर्डने भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले, पण जुन्या बाजारात इकोस्पोर्ट भरपूर आहेत आणि स्वस्तात मिळतात. म्हणून नीट ऐका. इकोस्पोर्ट म्हटले की पळ काढायचे कारण नाही. आपल्याकडे दीड लिटरच्या डिझेल आणि साध्या पेट्रोलच्या गाड्याही तिने विकल्या, त्यांची गोष्ट वेगळी. मागे 'इकोबूस्ट' लिहिलेली असेल तर मात्र पट्टा कधी बदलला याचे बिल मागा. बिल नसेल तर ते काम आपल्याच अंगावर आहे असे धरून भाव करा, नाहीतर नमस्कार करा.

फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनच्या 'प्युअरटेक' इंजिनातही भिजलेल्या पट्ट्याचाच घोळ झाला. ओरड एवढी झाली की २०२४ मध्ये मालक कंपनी स्टेलांटिसला युरोपात या इंजिनांची हमी दहा वर्षे किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. पण सगळ्या टर्बोंना हे माप लावू नका. ह्युंदाईच्या एक लिटरच्या टर्बोत पट्टा नसून साखळी आहे, मारुतीच्या 'बूस्टरजेट'मध्येही साखळीच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या 'टीएसआय'मध्ये पट्टा आहे, पण कोरडा. स्कोडाला २०२१ मध्ये वेगळीच डोकेदुखी झाली. नव्या कुशाकच्या काही गाड्यांत इंधनाचा पंप दगा देऊ लागला आणि कंपनीने तो बदलून अधिक मजबूत पंप बसवून दिले. म्हणजे दुकानात विचारायचा प्रश्न "टर्बो आहे का?" हा नाही. "पट्टा की साखळी, आणि पट्टा असेल तर कोरडा की भिजलेला?" हा आहे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर सर्व्हिसच्या फिटरला विचारा, त्याला येते.

आपल्या सवयी

आता आपल्याकडे वळू. कारण गाडी चांगली निवडली तरी ती चालणार आहे जत-आटपाडीच्या फुफाट्यात आणि ऊसवाहतुकीने उखडलेल्या रस्त्यांवर.

पहिली सवय, टॉप गिअरची. जीप आणि डिझेलच्या जमान्यात आपण शिकलो की लवकर टॉप टाकला की ॲव्हरेज चांगले मिळते. गाडी पाचव्या गिअरात तिशी-पस्तिशीच्या वेगाने रखडते, समोर चढ येतो, आणि गिअर न उतरवता आपण पाय दाबतो. जुने डिझेल हे सोसायचे. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये असे केले की कमी फेऱ्यांवर टर्बो भरभरून हवा कोंबतो, सिलिंडरात दाब वाढतो, आणि कधी कधी ठिणगी पडण्याआधीच आतला मसाला पेट घेतो. पिस्टन वर येतोय आणि वरून स्फोटाचा दणका. असा एखादा जोरदार दणकाही पिस्टनला तडा द्यायला पुरतो. हा दोष जगभर इतका दिसला की त्यासाठी ऑइलचे माप बदलावे लागले. अमेरिकेच्या 'एपीआय' संस्थेने २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' अशा प्रती ठरवल्या, त्या मुख्यतः या त्रासासाठी. तेव्हा चढावर गिअर उतरवा. इंजिन ओरडले तरी चालेल, कण्हायला नको.

दुसरी सवय त्याला लागूनच आहे. ऑइल कमी दिसले की ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातून अर्धा लिटर ओतायचे. "ऑइल ते ऑइल!" साध्या गाडीत खपून जायचे. पण डिझेलच्या ऑइलात मळ धुण्यासाठी कॅल्शियमची द्रव्ये जास्त घालतात आणि तीच वर सांगितलेल्या अवेळी पेटीला हातभार लावतात. गाडीच्या पुस्तकात जाडीचा आणि प्रतीचा जो आकडा लिहिला आहे तोच डबा घ्यायचा, सीलबंद. सुटे ऑइल तर नकोच. साडेतीन-चार लिटरचा मामला असतो. वर्षातून एकदा जास्तीचे ऑइल बदलले तरी त्या खर्चाची आणि टर्बो बदलण्याच्या खर्चाची तुलना होत नाही.

आणि बदलायचे कधी? आपण पुस्तकातला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष हा आकडा पाठ करतो. त्याच पुस्तकात पुढे बारीक अक्षरात 'खडतर वापर' म्हणून एक तक्ता असतो. धुळीचा रस्ता, जवळजवळच्या फेऱ्या, ओझे, चढ. त्यात बसणाऱ्या गाडीचे ऑइल बरेच आधी बदला, असे कंपन्याच सांगतात. आता सांगा, आपल्यापैकी कुणाची गाडी त्यात बसत नाही?

जवळच्या फेऱ्यांचे थोडे अधिक सांगतो. सकाळी डेअरीला, मग पोरांना शाळेत, मग मळ्यात. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. इंजिन तापायच्या आत बंद होते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलात उतरते. लांब पल्ला झाला की ते वाफ होऊन जाते, नाहीतर साठते. चीनमध्ये २०१८ साली होंडाला दीड लिटर टर्बोच्या सीआर-व्ही गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या, कडाक्याच्या थंडीत तिथे ऑइलची पातळी वाढू लागली होती. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे तेवढे भय नाही. पण पट्टी काढून बघितल्यावर ऑइल वाढलेले दिसले तर "बरं झालं, खात नाही" म्हणून खूश होऊ नका. वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा गाडी तासभर मोठ्या रस्त्यावर पळवून आणा.

धूळ. हवेचा फिल्टर कागदाचा असतो. पंक्चरवाल्याकडे थांबून त्यात जोराने हवा मारायची आपली रीत आहे. एकदा-दोनदा ठीक. पण कागदाला बारीक चीर पडली की मुरमाची भुकटी थेट टर्बोच्या त्या लिंबाएवढ्या चाकावर जाते. दोन लाख फेऱ्यांवर भुकटी म्हणजे पॉलिश पेपरच. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे गाडी चालवणाऱ्याने फिल्टर झटकत न बसता सरळ बदलावा.

बंद करताना घाई नको. कोकणातून येताना आंबा घाट चढून वर आलात आणि चहाच्या टपरीसमोर खटकन चावी फिरवलीत, तर लाल झालेल्या टर्बोतले ऑइल जागच्या जागी करपते आणि त्याची खपली धरते. अर्धा-एक मिनिट इंजिन सुरू राहू द्या. हल्लीच्या अनेक टर्बोंना पाण्याचा गारवा असतो, त्यामुळे रोज गावातल्या गावात फिरणाऱ्याने हा सोहळा करायची गरज नाही. घाट आणि हायवे, एवढ्यापुरतेच.

इथेनॉलबद्दल विचारणारे भेटतात. आपल्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के येते, त्याने टर्बो जातो का? उलट इथेनॉलमुळे पेट्रोलची अवेळी पेट न घेण्याची ताकद वाढते, ते टर्बोला सोयीचेच. त्याचे दुखणे दुसरे आहे. ते ओल धरते आणि जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांना, गॅस्केटला त्रास देते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्यासाठी तयार केलेले असतात. त्याआधीची जुनी टर्बो घेत असाल तर इंधनाच्या नळ्या मिस्त्रीकडून बघून घ्या.

मग घ्यायची की नाही?

रोज ओझे वाहायचे असेल, गाडी चार हातांत फिरणार असेल, आणि सर्व्हिसला जायला दोन तास लागत असतील, तर माझे मत स्पष्ट आहे. टर्बो पेट्रोल घेऊ नका. व्हेन्यू, फ्रॉन्क्स, मॅग्नाइट या गाड्या बिनटर्बोच्या साध्या इंजिनातही मिळतात, त्या कमी पळतील पण चुका पोटात घालतील. डिझेल घेऊन सुटका होईल असे वाटत असेल तर तेही पूर्ण खरे नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला धुराची काजळी धरणारी गाळणी असते आणि गावातल्या गावात फिरल्याने ती तुंबते. डिझेल लांब पल्ल्याच्या माणसाला.

याउलट पुण्या-मुंबईला महिन्यातून चार फेऱ्या, गाडी एकाच्याच हाती, सर्व्हिसची तारीख कॅलेंडरवर लिहिणारे घर, अशांनी टर्बो जरूर घ्यावी. ओव्हरटेक करताना तिचे सुख कळते, आणि मी ते नाकारणार नाही.

जुनी घेताना सकाळी जा, गाडी रात्रभर थंड असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना निळा धूर आला तर टर्बोचे सील किंवा रिंगा ऑइल पीत आहेत. ऑइलचे झाकण उघडून आत बॅटरीच्या टॉर्चने बघा. काळी घट्ट साय धरली असेल तर मालकाचे बोलणे कितीही गोड असू दे, ऑइल वेळेवर बदललेले नाही. चढावर तिसऱ्या गिअरात घ्या, शिट्टीसारखा बारीक आवाज नेहमीचा, पण सायरनसारखा वाढत जाणारा आवाज म्हणजे दांडा ढिला झालेला.

नवी घेणाऱ्याने वाढीव हमी घ्यावी, आणि तिच्या अटी घरी आणून वाचाव्यात, शोरूमच्या खुर्चीत नव्हे. जवळजवळ सगळीकडे वेळेवर अधिकृत सर्व्हिस झाल्याचा पुरावा मागतात. मध्ये गावातल्या गॅरेजमध्ये ऑइल बदलले असेल तर डब्याचे बिल, तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दावा नाकारला जातो तेव्हा बहुतेक वेळा कागद सापडत नसतो.